ठिपक्यांची वही आणि बुलेट जर्नल, चार महिने वापरून

आधी रोज एक पान वाली डायरी होती माझ्याकडे, फेब्रुवारीतच बंद पडली कारण चार दिवस लिहिलं नाही की ती कोरी पानं बघून उघडावीशीच वाटायची नाही. मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ए५ साइजची डॉट ग्रिड वही आणली, ५ मिमीवर ठिपके, आणि त्यात रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरची बुलेट जर्नल पद्धत, म्हणजे कामं छोट्या खुणांनी टिपून ठेवायची पद्धत, सुरू केली. ह्यात छापील तारखाच नाहीत, ज्या दिवशी लिहाल त्या दिवशी तारीख टाका, खंड पडला तरी पान वाया जात नाही, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

काम असलं की ठिपका, झालं की त्यावर फुली, पुढे ढकललं की बाण, बास. महिना संपला की राहिलेली कामं हाताने परत लिहायची, आणि खरी गंमत इथेच आहे! आईच्या डोळ्यांचं चेकअप तीन महिने बाणावर बाण घेत पुढे सरकत होतं, चौथ्यांदा लिहायला घेतलं तेव्हा इतकं टोचलं की पेन खाली ठेवून आधी फोन करून अपॉइंटमेंट घेतली. मोबाइलच्या रिमाइंडरने हे कधीच झालं नसतं.

वेळ म्हणाल तर रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहून होतं. यूट्यूबवरची रंगीत सजावट बघून घाबरू नका, त्याची काही गरज नाही.

तक्रार एकच, कागद ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा कमी तितका कागद साधारण पातळ) निघाला, शाईपेनाने लिहिलं की मागच्या पानावर उमटतं. बॉलपेन चालतं. शाईपेनवाल्यांनी १०० जीएसएमचीच मागा आणि दुकानातच एका कोपऱ्यात लिहून बघा.