सात वेढ्यांचा स्पायरल: कासार्ड्याच्या वाळूवर दोन पावसाळे

कणकवली तालुक्यात कासार्ड्याजवळ आमचा सिलिका वाळू धुण्याचा छोटा प्लांट आहे. वाळूत लोहाचे काळे कण राहिले की काचेला हिरवट झाक येते आणि गाडी परत येते. एका वर्षी दोनदा आली, तेव्हा हा फायबरग्लासचा, आतून पॉलियुरेथेनचं अस्तर असलेला स्पायरल घेतला. स्पायरल म्हणजे उभ्या खांबाभोवती गोल गोल उतरत जाणारी पन्हळ.

आई तांदूळ रोळते तेव्हा तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतात, खडे मागे राहतात. इथंही तेच. क्वार्ट्झची, म्हणजे आमच्या वाळूची, घनता पाण्याच्या २.६५ पट; इल्मेनाइट या लोहाच्या काळ्या खनिजाची ४.७ पटीच्या आसपास. गोल पन्हळीतून उतरताना पाणी बाहेरच्या कडेला चढतं, हलकी वाळू त्याच्यासोबत जाते आणि जड कण तळाशी घासत आतल्या कडेला येतात. स्पायरलला स्वतःची मोटर नाही. वीज लागते ती फक्त पंपाला. हम्फ्रीज नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९४३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या क्रोमाइटयुक्त (क्रोमाइट म्हणजे क्रोमियमचं जड खनिज) वाळूसाठी तो पहिल्यांदा चालवला. (आपल्या जानवली-वागद्यालाही क्रोमाइट आहेच.) जुन्या स्पायरलमध्ये वाटेत जादा धुण्याचं पाणी सोडावं लागे, यात लागत नाही. एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते तेव्हा याची किंमत कळते.

विकणाऱ्या कंपनीबद्दल मात्र राग आहे. माणूस पाठवतो म्हणाले, कोणी आलं नाही. पहिले आठ दिवस जड कणांची काळी रेघ पसरटच यायची. शेवटी आमच्या गवंड्याने ओळंबा सोडला, तर खांब बोटभर कलला होता! पाचर ठोकून सरळ केला आणि तासाभरात आतल्या कडेला करगोट्यासारखी काळीभोर, बारीक रेघ उमटली. मी तिथेच उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिलो.

घेणाऱ्यांनी एवढं सांभाळा: माती आधी हायड्रोसायक्लोनने (पाणी गरगर फिरवून बारीक माती वेगळी करणारं नळकांडं) काढा. पहिल्या पावसाळ्यात जांभ्याचं लाल पाणी तसंच आत गेलं आणि रेघ पार पुसली गेली. वाळू-पाण्याचं प्रमाण हलू देऊ नका. आम्ही वजनाने तीस टक्के वाळू ठेवतो. आणि दाण्यावर चिकटलेला लोहाचा तांबूस थर याने निघत नाही, त्याला घासणीयंत्रच हवं.

तिसऱ्या वेढ्यावर अस्तर थोडं झिजलंय. तरी दुसरा स्पायरल यंदा घेतोय, दुसऱ्या विक्रेत्याकडून.