फ्लोरेन्स ते पिसा : अक्कलखाती 29,760 रुपये

बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली नऊ वर्षं कॅशला. काउंटरवर बसून लोकांना सांगायचो, "काका, आधी पावती वाचा, मग सही करा." तोच मी फ्लोरेन्सच्या स्टेशनवर आठ तिकिटं हातात घेऊन उभा होतो आणि एकही वाचलं नाही. लिहायची लाज वाटते. पण मे महिन्यात इटलीहून आल्यापासून ओळखीतली दोन कुटुंबं तिकडे निघालीत, म्हणून लिहितोय.

आम्ही चौघं : मी, सौ., धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मुक्काम फ्लोरेन्सला, एक दिवस पिसाला जाऊन यायचं. मनोऱ्यावर चढायचा दुपारी बाराचा स्लॉट पुण्यातूनच घेतलेला, माणशी 20 युरो. ट्रेनचं तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं. रोमहून येताना इटालो कंपनीची जलद गाडी होती. तिचं तिकीट महिनाभर आधी काढलेलं, डबा-सीट नंबरासकट. जसजशी तारीख जवळ आली तसतसे तिचे दर चढताना आम्ही बघितले होते. त्यामुळे पिसाच्या गाडीचंही तसंच असणार असं मी धरून चाललो. इथेच पहिला खड्डा. फ्लोरेन्स-पिसा ही तिकडची प्रादेशिक गाडी, आपल्या पॅसेंजरसारखी. रिझर्व्हेशन नाही, सीट नंबर नाही, दर ठरलेला. महिनाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, एका बाजूचे दहा युरोच्या आतबाहेरच. तासाला दोन-दोन गाड्या असतात. हे मला माहीत असतं तर स्टेशनवर मला गंडवणारा तो माणूस माझ्यापुढे दोन मिनिटं टिकला नसता.

सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन. सकाळचे नऊ. मशीनपुढे उभा राहिलो, इंग्रजी भाषा निवडली, तेवढ्यात शेजारी एक जण. निळं जाकीट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. कार्ड उलटं होतं, हे आता आठवतंय. "पिसा? फोर पर्सन? क्विक, क्विक, लास्ट सीट्स." लास्ट सीट्स म्हटल्याबरोबर आमच्यातला तत्काळवाला जागा झाला. सकाळी दहाला लॉगिन करून दहा वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लिस्ट बघणारी आपली जात. सीट संपणार म्हटलं की आपण प्रश्न विचारत नाही, खिशात हात घालतो.

त्याने स्क्रीनवर भराभर बोटं चालवली. मी कार्ड लावलं. त्याने काहीतरी दाबलं आणि मान हलवली, "इंडियन कार्ड, प्रॉब्लेम. कॅश." माणशी 29 युरो, जाऊन-येऊन. चौघांचे 116. मी पन्नासच्या दोन आणि वीसची एक अशा नोटा दिल्या. वरचे 4 युरो त्याने परत केले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. आमच्याकडे पाठ करून त्याने मशीनमध्ये नाणी टाकली. नाणी! मी नोटा दिल्यात आणि हा नाणी टाकतोय, हे एकतीस वर्षांच्या बँकवाल्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. वर कहर म्हणजे ते मशीन स्वतःच बाईच्या आवाजात बजावत होतं, की पाकीटमारांपासून सावध राहा. तो हसला आणि म्हणाला, "यस, सर, बी केअरफुल." मीही हसलो.

आठ तिकिटं हातात पडली. चार जायची, चार यायची. मग त्याने आपणहून आम्हाला फलाटाजवळच्या तिकीट पंच करायच्या मशीनपाशी नेलं आणि जायची तिकिटं कशी सरकवायची ते दाखवलं. कागदी तिकीट पंच न करता बसलात तर दंड होतो, हे अगदी खरं. असं खरं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल, सांगा.

संशय घेतला तो वहिनीने, म्हणजे माझ्या भावजयीने. गाडीत बसल्यावर ती तिकीट निरखत होती. म्हणाली, "दादा, यावर दोन्हीकडे फिरेंझेच का लिहिलंय?" फिरेंझे म्हणजे फ्लोरेन्स, तेवढं आम्हाला कळत होतं. मी काय म्हणालो? "अगं, सुटायचं ठिकाण दोनदा छापतात ते." कुठून सुचलं देव जाणे. ती गप्प बसली. एका बाजूला होतं फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला, दुसऱ्या बाजूला फिरेंझे रिफ्रेदी. रिफ्रेदी म्हणजे पाच मिनिटांवरचं पुढचंच स्टेशन. शिवाजीनगरहून खडकीचं तिकीट काढावं आणि लोणावळ्याला निघावं, तसं आमचं. खाली कोपऱ्यात रक्कमही छापलेली होती, दोन युरोसुद्धा नाही. पाच मिनिटांत गाडी रिफ्रेदीला थांबली. फलाटावर मोठ्या अक्षरांत पाटी होती. मी ती पाटी वाचली, आणि तिकीट वाचलं नाही.

वाटेतलं एम्पोली स्टेशन गेल्यावर तपासनीस बाई आल्या. तिकीट हातात घेऊन त्यांनी पेनाने रिफ्रेदीभोवती गोल केला आणि शांतपणे सांगितलं, तुम्ही अर्ध्या तासापूर्वी उतरायला हवं होतं. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि पावतीपुस्तक काढलं. माणशी 50, चौघांचे 200 युरो. सकाळी 'प्रॉब्लेम' असलेलं माझं इंडियन कार्ड त्यांच्या यंत्रावर एका स्पर्शात चाललं. 120 आणि 200, एकूण 320. मी कार्डावर युरो भरले ते 93 च्या भावाने. गुणाकार शीर्षकात आहे.

मनोरा बघितला. तो कलता आहे. त्यापेक्षा जास्त मला आठवत नाही.

संध्याकाळी परत आल्यावर स्टेशनातल्या पोलिसांकडे गेलो. पाऊण तास बाकड्यावर. मग एक साहेब आले आणि पहिला प्रश्न, "त्याचं नाव काय?" अहो, फसवणारा व्हिजिटिंग कार्ड देऊन जातो का? दुसरा प्रश्न, पैसे त्याने हिसकावले का? नाही, मीच दिले. मग चोरी कुठे झाली? मी मशीनवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, त्यासाठी लेखी तक्रार लागेल, आणि इंग्रजी येणारा सहकारी उद्या सकाळी येईल. उद्या सकाळी आमचं विमान. मग शहरातल्या दुसऱ्या ठाण्यात गेलो, तर तिथले म्हणतात, स्टेशनातला प्रकार स्टेशनातच नोंदवा. हद्दीचा वाद फक्त आपल्याकडेच असतो असं मला वाटायचं. आपल्या चौकीत निदान चहा तरी विचारतात. तिकीट खिडकीवर गेलो, तर काचेमागच्या मुलाने खांदे उडवले. आमचा माणूस नाही, म्हणाला. अरे, तुमचा नाही, पण तुमच्या मशीनला टेकून रोज उभा असतो ना? तुम्हाला दिसत नाही?

पुण्यात आल्यावर विम्याचा फॉर्म भरला. चौघांचा हप्ता 6,842 रुपये दिला होता. उत्तर आलं, रोख रक्कम स्वेच्छेने दिल्यामुळे दावा बसत नाही, शिवाय पोलीस तक्रारीची प्रत नाही. स्वेच्छेने! दंडाबद्दल रेल्वेलाही ईमेल केला. पाच आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर : योग्य तिकीट जवळ बाळगण्याची जबाबदारी प्रवाशाची. तो निळ्या जाकीटवाला अजून तिथेच उभा असेल, याबद्दल एक शब्द नाही.

जाणाऱ्यांनो, मशीनला दुसऱ्याचं बोट लागू देऊ नका, कितीही सभ्य दिसला तरी. न विचारता मदतीला आला की हात जोडा आणि रांग असली तरी खिडकीवर जा. रोख तर मुळीच नको. मोबाईलवर तिकीट काढता येत असेल तर तेच बरं. घाई करावी ती जलद गाड्यांच्या तिकिटांची. आणि बरोबरच्या बाईने काही विचारलं तर उत्तर ठोकून देण्याआधी चष्मा लावा.

एक सांगायचं राहिलं. पिसाहून परतताना यायची तिकिटंही रिफ्रेदीचीच होती, म्हणजे नवीन काढणं आलं. मी मशीनकडे निघालो तर भावजय म्हणाली, "दादा, तुम्ही बसा." तिने एकटीने काढली. चष्मा वर सरकवून प्रत्येक पान दोनदा वाचलं आणि माझंच कार्ड लावलं. एका दमात चाललं. ते मशीनही तेच बजावत होतं, सावध राहा. मी बाकड्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो. ती सुटली नव्हती.