घरच्या भाषेच्या रकान्यात ‘मराठी’च लिहा: न्यू जर्सीतल्या ईएसएलचा आमचा अनुभव

आम्ही ऑगस्ट 2022 मध्ये सांगलीहून न्यू जर्सीला आलो, तेव्हा मुलगा तिसरीत जाणार होता. तिकडे तो सेमी-इंग्रजीला होता. म्हणजे गणिताचं पुस्तक इंग्रजी आणि बाकी सगळा कारभार मराठीत. इथल्या पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत त्याचं कसं झालं, हे नव्याने येणारे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय. काही तक्रारीही आहेत, त्यामुळे डिस्ट्रिक्टचं (इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्थानिक संस्थेचं) नाव लिहीत नाही.

नावनोंदणीला मी पासपोर्ट, व्हिसा, सगळी फाइल घेऊन गेले होते. त्यांनी फक्त जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार आणि लाइटबिल मागितलं. व्हिसाचं कोणी विचारलंसुद्धा नाही. 1982 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून इथे कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे मला नंतर कळलं.

मग समोर आला घरच्या भाषेचा फॉर्म. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरात कोणती बोलता, असे प्रश्न. बिल्डिंगमधल्या दोघींनी आधीच बजावलं होतं, “इंग्लिश लिही हं, नाहीतर पोराला ईएसएलमध्ये टाकतील.” ईएसएल म्हणजे ‘इंग्लिश अ‍ॅज अ सेकंड लँग्वेज’, घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणारा वर्ग. पण तो ढ मुलांचा वर्ग, असा आपल्या लोकांत पक्का समज आहे. माझं पेन त्या रकान्यावर दोन मिनिटं अडलं. मग वाटलं, पोराच्या शाळेची सुरुवात खोट्याने कशाला करायची? मराठी लिहिलं. या देशात आल्यावर घेतलेला सगळ्यात योग्य निर्णय तो होता, असं आज मी छातीठोकपणे सांगते.

भाषा इंग्रजी नाही म्हटल्यावर मुलाची छोटी चाचणी झाली आणि महिन्याभरात घरी पत्र आलं: ईएसएल सुरू करतोय, नको असेल तर कळवा. पालक नकार देऊ शकतात, पण इंग्रजीची वार्षिक परीक्षा तरीही द्यावीच लागते. म्हणजे नकार देऊन काहीच वाचत नाही, फक्त मदत जाते.

आता त्याच्या ईएसएलच्या मिसबद्दल. त्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मुलाला सांगितलं, तुझ्या गावाबद्दल तुझ्या भाषेत लिही. त्याने कृष्णेच्या घाटावर पान भरून लिहिलं. ते त्याला वर्गात मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग त्यातली पाच वाक्यं चित्रं काढत, हातवारे करत दोघांनी मिळून इंग्रजीत आणली. दोन आठवडे शाळेत तोंड न उघडणारं पोर त्या दिवशी घरी येऊन तासभर बोलत होतं.

नंतर त्यांनी मला बोलावून विचारलं, तुमच्या भाषेत इंग्रजीतल्या ‘द’ (the) सारखा शब्द आहे का? मी म्हटलं, नाही, आम्ही नुसतं ‘कुत्रा दिसला’ म्हणतो. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपण ‘व’नेच भागवतो, हेही मी सांगितलं. मग खालचा ओठ दातांनी धरून ‘व्हेस्ट’ आणि ओठांचा चंबू करून ‘वेस्ट’, हा सराव आरशासमोर रोज पाच मिनिटं चालायचा. चूक कुठून येते ते समजून घेऊन शिकवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

चौथीत एक गंमतच झाली. गणिताच्या पेपरात त्याने 2,45,000 असं लिहिलं आणि वर्गशिक्षिकेने चूक दिली. आपला स्वल्पविराम लाखावर पडतो, त्यांचा हजार आणि मग थेट दशलक्षावर. त्याला संख्या कळलेली होती, फक्त लिहिण्याची पद्धत आपली होती. ईएसएलच्या मिसनी वर्गशिक्षिकेशी बोलून मार्क परत मिळवून दिले आणि दोन्ही पद्धती फळ्यावर शेजारी शेजारी मांडायला लावल्या. भाषेचा आधार म्हणजे नुसतं व्याकरण नाही, हे मला तिथे समजलं.

एकदा मी मिसना म्हटलं, तुमचे फार उपकार झाले. त्या म्हणाल्या, उपकार नाहीत, त्याचा हक्क आहे. घरी येऊन वाचलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांच्या पालकांनी कोर्टात धाव घेतली होती. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 1974 मध्ये दिला. त्या मुलांमुळे माझ्या मुलाला ही मिस मिळाली, हे वाचून खरंच भरून आलं.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. कार्यालयातल्या क्लार्कने कॉम्प्युटरवर आमची भाषा ‘हिंदी’ टाकून दिली. मी मराठी लिहिलेलं असताना! दोन महिने पत्रं हिंदीत येत होती. मला हिंदी येतं, प्रश्न तो नाही. न्यू जर्सीच्या नियमानुसार डिस्ट्रिक्टमध्ये एकाच भाषेची, इंग्रजी शिकत असलेली 20 मुलं झाली की त्या भाषेतल्या द्विभाषिक वर्गाचा विचार करावाच लागतो. आपली मुलं हिंदीत मोजली गेली तर मराठीचा आकडा कधी दिसणारच नाही. तीन ईमेल आणि एक फेरी झाल्यावर नोंद बदलली. त्यानंतरच्या पालकसभेत फोनवरून दुभाषी जोडून दिला, तेव्हा पलीकडून स्वच्छ “नमस्कार, बोला” ऐकू आलं. दुकानात, बँकेत माझं इंग्रजी चालतं, पण पोराच्या अभ्यासाबद्दल मनातलं विचारायला आपलीच भाषा लागते. ही सेवा फुकट असते, फक्त आधी मागावी लागते.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. पहिल्या वर्षी ‘पुल-आउट’ होतं, म्हणजे मुलाला वर्गातून काढून वेगळ्या खोलीत न्यायचे, आणि नेमका संगीताचा तास बुडायचा. ज्या तासाला भाषा कमी लागते आणि पोरं एकमेकांत मिसळतात, तोच घालवला! पुढच्या वर्षी मिस वर्गातच येऊन बसू लागल्या, याला ‘पुश-इन’ म्हणतात, आणि फरक लगेच दिसला. हे पहिल्या वर्षीच करता आलं असतं.

इंग्रजीच्या त्या वार्षिक परीक्षेचं नाव अ‍ॅक्सेस. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग, 1 ते 6 असा स्कोअर. बोलण्याचा भाग हेडफोन लावून कॉम्प्युटरशी असतो, त्याची घरी सवय करून द्या, मुलं तिथे गप्प होतात. आमचा पहिल्या वर्षी 2.9 आला, दुसऱ्या वर्षी 4.6. तेव्हा बाहेर पडायला 4.5 लागत होते, शिवाय शिक्षकांचा अभिप्राय. दोन वर्षांत पोरगा ईएसएलमधून बाहेर पडला.

या सगळ्यात ‘घरी इंग्रजीच बोला’ असं मिस एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट मराठी गोष्टी वाचून दाखवा म्हणाल्या. रविवारची मराठी शाळा आम्ही सोडली नाही. पुढे हायस्कूल संपताना इंग्रजी आणि आणखी एक भाषा नीट येते असं दाखवलं तर ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळतं. न्यू जर्सीत ते 2016 पासून आहे आणि मराठीचीही चाचणी देता येते.

शिकवण्याला माझ्याकडून पाचपैकी पाच, कार्यालयाला अडीच. नावनोंदणीला जाल तेव्हा फॉर्मवर ‘मराठी’ लिहाच, पण तेवढ्यावर उठू नका. क्लार्कच्या स्क्रीनवर कोणती भाषा पडली ते डोळ्यांनी बघा आणि त्याची प्रिंट मागून घ्या.