आय५-२४०० आणि आय३-१२१०० : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैत, ऐन दिवाळी अंकाच्या कामात, माझ्या जुन्या कॉम्प्युटरने, म्हणजे मशीनने, मान टाकली. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि गप्प. त्यात इंटेलचा आय५-२४०० प्रोसेसर, २०११ मध्ये घेतलेलं. माझा डीटीपीचा (अंक, पत्रिका संगणकावर मांडून द्यायचा) सगळा धंदा त्याच्यावर उभा राहिला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी ते नऊ दिवस ठेवून घेतलं, तपासणीचे चारशे रुपये घेतले आणि सांगितलं, "मॅडम, बोर्ड गेलाय. प्रोसेसरही गेला असेल. याचे पार्ट आता येत नाहीत." काय तपासलं ते लिहून द्या म्हटलं, तर दिलं नाही. तिथे बरीच वादावादी झाली, पण हातात १७६ पानांचा अंक होता. नवा प्रोसेसर आय३-१२१००, बोर्ड, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (हार्डडिस्कऐवजीची, न फिरणारी डिस्क) मिळून पंचवीस हजार मोजले.

पहिले पंधरा दिवस मी हरखून गेले होते. जुनं मशीन सुरू व्हायला अडीच मिनिटं घ्यायचं, हे पंधरा सेकंदांत तयार. कोरल या मांडणीच्या प्रोग्रॅममधली जड फाइल चटकन उघडायची. भेटेल त्याला सांगत होते, प्रोसेसर बदला, बाकी काही बघू नका.

ते माझं चुकलं. दिवाळीनंतर जुनं मशीन भंगारात द्यायचं म्हणून काढलं, तेव्हा आमच्या गल्लीतले टीव्ही दुरुस्त करणारे मामा म्हणाले, "ताई, द्यायच्या आधी मला एकदा बघू द्या." त्यांनी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारी डबी, बाहेर काढला, मोठ्या कनेक्टरची हिरवी वायर पिनेने काळीला जोडली आणि पिवळीवर मीटर लावला. तिथे बारा व्होल्ट हवेत. मीटर साडेदहा दाखवत होता. डबी उघडली तर दोन कॅपॅसिटर वरून फुगलेले. "बोर्ड ठणठणीत आहे हो. आणि प्रोसेसर असा सहजासहजी मरत नाही." नवीन एसएमपीएस नऊशे रुपयांना आला. प्रोसेसरवरची, चौदा वर्षांची, सुकून भुकटी झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, हार्डडिस्क काढून सोळाशेची एसएसडी टाकली. मशीन तीस सेकंदांत सुरू!

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या वेगाचं कौतुक मी नव्या प्रोसेसरच्या नावावर जमा करत होते, त्यातला बराचसा एसएसडीचा होता. टायपिंग, पत्रिका, मेल, बिलं यांत दोन्ही मशीन शेजारी ठेवून मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. तुमच्या जुन्या मशीनमध्ये अजून हार्डडिस्क फिरत असेल, तर आधी ती बदला. पंचवीस हजारांचा विचार त्यानंतर.

मग वाचनालयाचं काम आलं आणि मत पुन्हा पालटलं. जुन्या छापील स्मरणिका स्कॅन करून त्यांचा मजकूर काढायचा होता, टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने. दोन्हीकडे विंडोजऐवजी लिनक्स, तीच आवृत्ती, तीच पानं. जुन्यावर एका पानाला सरासरी ११ सेकंद, नव्यावर ४. तीनशे पानांचा खंड तिथे ५५ मिनिटं, इथे २०. (जोडाक्षरं दोन्हीकडे सारखीच चुकतात. वेग वाढला म्हणून तपासणीचं काम कमी होत नाही.)

डब्यावरचे आकडे पाहिले तर हे पटत नाही. दोन्हीकडे चारच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग. जुना ३.१ ते ३.४ गिगाहर्ट्झ, नवा ३.३ ते ४.३. पण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके ते; एका ठोक्यात किती काम उरकतं ते गिगाहर्ट्झ सांगत नाही, आणि अकरा वर्षांत बदललंय ते नेमकं तेच. कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट स्मृती, ६ एमबीची १२ झाली. चार कोअरवर आता आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालतात. शिवाय जुन्या प्रोसेसरची माहिती काढली तर यादीत एव्हीएक्स (एका सूचनेत अनेक आकडे हाताळायची सोय) होतं, एव्हीएक्स-२ नव्हतं. इंटेलने ते २०१३ च्या हॅस्वेल पिढीपासून दिलं. टेसरॅक्ट ते मिळालं तर वापरतं, नाही मिळालं तर जुन्या, संथ वाटेने जातं. म्हणून बाजारात स्वस्तात मिळणारं 'आय७' बघून भुलू नका. आय७-२६०० हा दुसऱ्या पिढीचा, माझ्या जुन्याचाच मोठा भाऊ. आजचा साधा आय३ त्याच्या पुढे आहे. आय३, आय५, आय७ हे शब्द सोडा, त्या आडव्या रेघेनंतरचा आकडा वाचा, पिढी त्यात कळते.

आता माझा खरा विषय, वीज. मी सातशे रुपयांचा वॉटमीटर आणला आणि दोन्ही मशीन त्यावर लावली. नुसतं टायपिंग करताना जुनं ४७ वॉट, नवं २३. मजकूर काढताना जुनं ९२, नवं ७२. म्हणजे तोच तीनशे पानांचा खंड तिथे साधारण ८४ वॉट-तास खातो, इथे २४. मला वाटलं, विजेतच पैसे वसूल होतील. मग कागदावर मांडलं. २४ वॉटचा फरक, रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस : ७२ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी ७२० रुपये. पंचवीस हजार फिटायला चौतीस-पस्तीस वर्षं. वीजबिल वाचेल म्हणून नवा प्रोसेसर घेऊ नका, हे मी हिशेबाने सांगते आहे.

तरीही हे २४ वॉट मला फार मोलाचे वाटतात, ते यूपीएसमुळे. माझा ६०० व्हीएचा यूपीएस, बॅटरी दोन वर्षं जुनी. मॉनिटर धरून जुनं मशीन त्यावर ११ मिनिटं चालतं, नवं १९. आमच्याकडे फ्यूज उडाला की लाइट यायला पंधरा-सतरा मिनिटं लागतात. जुन्यावर दर वेळी सगळं बंद करून बसून राहावं लागायचं. नव्यावर हात थांबत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पंचवीस हजारांचं दुःख विसरले.

जुन्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून त्यावर मिंट नावाचं लिनक्स टाकून ते वाचनालयात दिलं. नोंदवहीच्या कामाला पुरून उरतं. फक्त यूट्यूबवर मोठा व्हिडिओ लावला की पंखा घरघरतो, कारण व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे प्रकार उलगडायची सोय त्याच्या हार्डवेअरमध्येच नाही.

परवा संध्याकाळी सातला लाइट गेली. एका लग्नपत्रिकेची कुलदैवताची ओळ अर्धी राहिली होती. यूपीएस टीं-टीं करत राहिला, मी ओळ पुरी केली, वधूपित्याचं नाव दुरुस्त केलं, पीडीएफ काढून व्हॉट्सअॅपवर पाठवली. सोळाव्या मिनिटाला लाइट आली.