जुन्या टपाल तिकिटांची किंमत कुणाला विचारावी: कॅटलॉग, व्यापारी, संग्राहक की लिलाव?

आमचे काका सेलूला जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करायचे. ते गेल्यावर कपाटातून तिकिटांचे दोन जाड अल्बम निघाले, आणि एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा, पत्रांच्या जुन्या पाकिटांनी गच्च भरलेला. चुलत भावाचा फोन आला, "ताई, याचे किती येतील तेवढं सांग. बाकी मला त्यातलं काही कळत नाही." तिकिटं जमवायला मी काकांकडूनच शिकले, तरी उत्तर द्यायला मला चार महिने लागले. आकडा कुणाला विचारतो त्यावर बदलत गेला. आम्ही जिथे जिथे विचारलं तिथे काय हाती लागलं, ते सगळं इथे मांडते. तुमच्याही घरात असा डबा असेल, तर तो कुणापुढे उघडायचा हे ठरवायला उपयोग होईल.

कुणालाही विचारण्याआधी एक काम घरीच करा. संग्रहाचे तीन ढीग करा, कारण प्रत्येक ढिगाला किंमत विचारायची जागा वेगळी आहे.

पहिला ढीग परदेशी तिकिटांचा. 'माग्यार पोस्टा' म्हणजे हंगेरी, 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड. अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन अशा नावांची मोठमोठी रंगीत तिकिटंही याच ढिगात. साठ-सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक मुलाच्या अल्बममध्ये ही असायची. दिसायला सगळ्यात सुंदर आणि बाजारात सगळ्यात स्वस्त. यातली बरीचशी संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेली होती, शिक्कासुद्धा छापखान्यातच मारलेला.

दुसरा ढीग ब्रिटिश हिंदुस्थान आणि स्वतंत्र भारताचा. इथे ओळखीची खूण सोपी आहे. मोल आण्यांत असेल तर तिकीट १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या सुमाराचं. नुसते पैसे असतील तर त्यानंतरचं, आणि ते बहुतेक वेळा लाखांनी छापलेलं असतं.

तिसरा ढीग आपल्या मराठवाड्याचा, आणि माझा जीव याच ढिगात अडकलेला आहे. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, १८६९ पासून स्वतःची तिकिटं होती, आणि पोलीस कारवाईनंतरही १९५० पर्यंत ती चालू राहिली. १९३१ च्या मालिकेत एक आण्यावर चारमिनार आहे, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. उर्दूत 'सरकारी' असा छाप असेल तर ते सरकारी कामाचं तिकीट. ही तिकिटं फक्त संस्थानाच्या हद्दीत चालत. म्हणून परभणीहून नांदेडला गेलेल्या पत्रावर निजामी तिकीट असेल, पण त्याच घरातून पुण्याला गेलेल्या पत्रावर ब्रिटिश हिंदुस्थानचं. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत हा माल क्वचित सापडतो. आपल्याकडे तो माळ्यावर पडलेला असतो.

आता किंमत.

सगळ्यात आधी हात जातो कॅटलॉगकडे. भारतीय तिकिटांसाठी 'फिला इंडिया' आणि जगभर चालणारं 'स्टॅनली गिबन्स', ही दोन नावं लक्षात ठेवा. गिबन्समध्ये हैदराबादसह संस्थानांची तिकिटंही आहेत. ओळख पटवायला, साल ठरवायला, दोन सारख्या दिसणाऱ्या तिकिटांतला फरक समजायला याला तोड नाही. पण त्यातला आकडा म्हणजे तुम्हाला मिळणारे पैसे नव्हेत. गिबन्सची किंमत ही त्या कंपनीची स्वतःची विक्रीची किंमत असते, तीही निर्दोष तिकिटाची. आणि त्यातली सगळ्यात कमी किंमत ही तिकिटाची नसून ते शोधून, पाकिटात घालून गिऱ्हाइकाला देण्याच्या कष्टांची असते. भावाने एका संध्याकाळी बसून अल्बममधल्या आठशे-नऊशे तिकिटांना हीच किमान किंमत लावली आणि बेरीज पाहून त्याला झोप लागली नाही. मलाही त्याला दुसऱ्या दिवशी खरं सांगताना फार वाईट वाटलं.

इंटरनेटवर शोधणं कॅटलॉगपेक्षा ताजं, पण जास्त फसवं. कुणीही आपल्या तिकिटाला पाच लाख मागू शकतो. मागितल्याने ते मिळत नाहीत. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याची सोय आहे, तेवढीच बघा. गांधीजींच्या तिकिटांबाबत तर हे फारच जपावं लागतं. १५ ऑगस्ट १९४८ ला स्वित्झर्लंडमध्ये छापलेली चार तिकिटं निघाली, हिंदी-उर्दूत 'बापू' लिहिलेली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यातल्या 'सर्व्हिस' छापाच्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची सलग पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. ती बातमी फिरत फिरत आपल्याकडे येते आणि दीड आण्याचं वापरलेलं तिकीट असलेलं प्रत्येक घर आशा लावून बसतं. 'सर्व्हिस' छापाचे फक्त शंभर संच गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी होते. दीड आणा घराघरांत होता. शिवाय हा छाप नंतर मारून बनावट तिकिटं केली जातात.

आणि 'तुमची तिकिटं लाखांत घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला तर तो तिथेच ठेवून द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असं शुल्क उकळणाऱ्यांबद्दल बँकेनेच २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. तिकिटांच्या नावाने असा फोन आला तरी तो त्याच जातीचा समजा.

टपाल खात्याकडे लोक मोठ्या विश्वासाने जातात. त्यांचे फिलाटेली ब्युरो नवी तिकिटं आणि प्रथम दिवस आवरणं (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं) विकतात. जुन्या संग्रहाचं मोल करून देणं किंवा तो विकत घेणं हे त्यांचं काम नाही. तरी काउंटरवर 'इथे तिकिटं घ्यायला नेहमी कोण येतं' एवढं विचारून या. आम्हाला पहिला संग्राहक तसाच भेटला.

व्यापारी आणि संग्राहक

खरा निवाडा या दोघांतच करायचा असतो, म्हणून इथे जरा थांबते.

छत्रपती संभाजीनगरच्या एका नाणी-नोटांच्या व्यापाऱ्याकडे आम्ही दोन्ही अल्बम आणि डबा घेऊन गेलो. त्याने अल्बम भराभर चाळले, डब्याचं झाकण उघडून वरची दोन पाकिटं पाहिली आणि सगळ्याचे मिळून तीन हजार सांगितले. लगेच, रोख. भाऊ तयार होता. व्यापाऱ्याचं गणित मी चुकीचं म्हणणार नाही: त्याला दुकान चालवायचं आहे, माल वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि त्याचा मुख्य धंदा नाण्यांचा. पण बाकीची पाकिटं त्याने पाहिलीच नव्हती, आणि न पाहिलेल्या मालाची किंमत तो देणार तरी कशी?

महिन्याभराने एक संग्राहक घरी आले. त्यांनी आधी हात धुवून कोरडे केले, अल्बम बाजूला सरकवला आणि डबा मागितला. त्यातलं एक पाकीट मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पिवळट, कडेला डब्याच्या गंजाचा तपकिरी पट्टा, कोपऱ्यात टाचणीचं भोक. वर चारमिनारचं एक आण्याचं तिकीट, दोन दाते तुटलेले. अल्बममध्ये मी त्याला जागाही दिली नसती. त्यांनी भिंग लावलं ते तिकिटावर नाही, शिक्क्यावर. लहानशा गावच्या टपाल कचेरीचा गोल शिक्का, अर्धा पाकिटावर आणि अर्धा तिकिटावर, तारीख स्वच्छ वाचता येणारी. म्हणाले, "तिकीट काढून घेतलं असतं तर दहा-वीस रुपयांचं. पाकिटावर आहे म्हणून मी इथवर आलो."

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण लहानपणी मीच काकांच्या डब्यातली कितीतरी पाकिटं बशीतल्या पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली होती. तेव्हा तसंच शिकवत. आता कुणी करू नका. पाकिटावरचं तिकीट कापू नका, सोडवू नका, डाग धुऊ नका.

संग्राहकाची उणीव अशी की त्याला त्याच्या विषयापुरतंच हवं असतं. आमच्या पाहुण्यांनी परदेशी तिकिटांकडे पाहिलंही नाही. तो वेळ घेतो, घासाघीस करतो, आणि शेवटी तोही घेणाराच. म्हणून एकाच्या आकड्यावर थांबू नये. निजामी माल असेल तर दुसरं मत हैदराबादकडच्या संग्राहकाचं घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. त्यांना ही तिकिटं आणि शिक्के आपल्यापेक्षा जवळचे आहेत, आणि नांदेड-परभणीहून ते मुंबईपेक्षा जवळ पडतं. महापेक्ससारख्या राज्यस्तरीय प्रदर्शनात संग्राहक आणि व्यापारी दोघेही एका छताखाली भेटतात. तिथे अल्बम न नेता मोबाइलमधले स्वच्छ फोटो घेऊन फिरलात तरी दोन-तीन आकडे मिळतात.

लिलाव

मुंबईच्या लिलावगृहाला आम्ही फोटो पाठवले. लिलावात दोन जाणकार एकाच वस्तूसाठी भिडले तर कुणी सांगितलेल्या आकड्याच्या पुढे रक्कम जाते, हे खरं. पण ते सगळं घेत नाहीत. निवडक पाकिटं, जुनी दुर्मिळ तिकिटं घेतात. बाकीचं घेतलंच तर एकगठ्ठा. माल सोपवल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत महिने जातात, विक्रीच्या रकमेतून त्यांची दलाली वजा होते, आणि माल विकला गेला नाही तर तो परत आणण्याचा खर्च तुमचा. दलाली किती, किमान बोली किती, न विकल्यास काय, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारून घ्या. आमच्या डब्यासाठी हा मार्ग मोठा पडला. तुमच्याकडे १८५४ ची ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटं किंवा १८६९-७० ची पहिली निजामी तिकिटं असतील, तर मात्र व्यापाऱ्याकडे न जाता थेट इथेच विचारा.

तज्ज्ञांचं प्रमाणपत्र ही त्यापुढची पायरी. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी असं प्रमाणपत्र देते. शुल्क आणि टपालखर्च पाहता, तिकीट खरं ठरल्यावर त्याच्या अनेक पट येणार असतील तरच त्या वाटेला जावं.

तिकिटांबरोबर निजामकाळचे स्टॅम्प पेपर, कोर्ट फीचे कागद निघाले तर तिकिटांच्या सौद्यात ते देऊन टाकू नका. असे कागद गोळा करणारेही असतात, आणि म्हणूनच व्यापारी ते आपणहून मागतो. पण त्यावर तुमच्या आजोबा-पणजोबांची जमीन असू शकते, जात असू शकते. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या त्या निजामकाळच्या अशाच जुन्या दप्तरांतून. आधी उर्दू किंवा मोडी वाचणाऱ्याकडून कागद वाचून घ्या, फोटो काढून ठेवा, मग बोला. आमच्या डब्यात असे दोन कागद होते. ते भावाच्या कपाटात आहेत.

तर, पैशांची निकड असेल आणि संग्रहात मुख्यतः अल्बमच असेल, तर व्यापारी बरा. फक्त दोन दुकानं फिरा. घरात वाटणी करायची असेल तर कॅटलॉग बरा, कारण सगळ्यांना एकच माप लागतं आणि भांडण होत नाही. पाकिटं असतील तर संग्राहक, मग वेळ लागला तरी चालेल. आमचे दोन्ही अल्बम शेवटी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे अडीच हजारांना गेले. डब्यातली अकरा पाकिटं त्या संग्राहकांनी सहा हजार आठशेला घेतली. हा काही दर नव्हे, एका डब्याचा हिशेब आहे. उरलेली पाकिटं गंजक्या डब्यातून काढून मी कोरड्या जाड कागदात घातली आहेत, आणि त्यांचे फोटो हैदराबादच्या एका संग्राहकांकडे गेले आहेत. पावसाळा संपला की ते बघायला येणार आहेत.