वस्तीवरची शाळा आणि गावातली केंद्रशाळा: नऊ महिन्यांनंतर

मोहोळ तालुक्यात आमची वस्ती गावापासून अडीच किलोमीटरवर आहे. पोरगी पहिली-दुसरी वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली. तिसरीला, म्हणजे गेल्या जूनमध्ये, तिला गावातल्या केंद्रशाळेत घातलं. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच, पुस्तकं बालभारतीची, दुपारची खिचडीही सारखीच. जानेवारीत पोरगी आजारी पडली नसती तर हे लिहायला बसलो नसतो.

वस्तीवर पट १७ आणि शिक्षक दोन. पट ६० पर्यंत असला की कायद्यानं दोनच शिक्षक मिळतात, त्याला तिथल्या गुरुजींचा इलाज नाही. पण एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बाई मतदार यादीच्या कामाला गेल्या की चारही वर्ग एकट्या गुरुजींवर. पोरगी मागं पडेल ही धास्ती होती. शिवाय माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून आमच्याकडं पाहुणेरावळेसुद्धा 'शाळा डिजिटल आहे का' हेच आधी विचारतात. मीही तेच बघितलं. केंद्रशाळेत भिंतीवर मोठा टीव्ही, प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक, सातवीपर्यंत सोय. डिसले गुरुजींची शाळासुद्धा लहान वाडीवरचीच जिल्हा परिषद शाळा होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

फी नाही, पण रिक्षाला महिन्याला ६०० रुपये. शाळेचे दहा महिने धरले तर वर्षाचे सहा हजार. कांद्याचा भाव पडलेल्या साली एवढे पैसे डोळ्यावर येतात. तरी पहिले दोन महिने मी खूश होतो. अक्षर सुधारलं, इंग्रजीचे शब्द घरी म्हणून दाखवायला लागली. ऑगस्टमध्ये बहिणीला फोन करून म्हणालो, तुझ्या पोरालाही वस्तीवरून काढ.

मग बाटलीचं कळलं. लिटरभराची स्टीलची बाटली सकाळी भरून द्यायचो, संध्याकाळी ती दप्तरातून तशीच भरलेली निघायची. आई ते पाणी रोज कढीपत्त्याच्या बुडात ओतायची. मला वाटायचं, शाळेतल्या नळाचं पीत असेल. जानेवारीत ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दिवसभरात पाणी किती पिते? तेव्हा पोरगी बोलली. मुलींच्या शौचालयात पाणी नाही, वास येतो, आतून कडी लागत नाही, एकीनं दार धरायचं आणि दुसरीनं आत जायचं. म्हणून त्या पोरी पाणीच पीत नव्हत्या. साडेदहा ते पाच शाळा, वर रिक्षाचा वेळ. आठ वर्षांचं लेकरू सात तास पाण्यावाचून काढत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघितलं. बाहेरून रंग दिलेला, भिंतीवर स्वच्छतेची घोषणा, आत फरशीही चांगली. वर टाकी कोरडी, कारण मोटर दिवाळीपासून जळलेली. मुख्याध्यापक म्हणाले निधी नाही, ग्रामपंचायतीत म्हणाले हे शाळेचं काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींना वेगळं शौचालय आणि पिण्याचं शुद्ध पाणी लिहिलेलं आहे, पण मोटर कोणी भरून आणायची हे कोणी सांगेना. मग मी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक मागितली. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. इतके दिवस रजिस्टर घरोघर फिरायचं आणि सह्या व्हायच्या. या वेळी चार आया स्वतः आल्या. मी जे पुरुषांत बोलायला अडखळत होतो ते त्यांनी सरळ सांगितलं, की तुमच्या घरातल्या बाईला सात तास असं बसवाल का? त्यानंतर ग्रामसेवकांनी वित्त आयोगातल्या, पाणी-स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेल्या बंधित निधीचं नाव काढलं. तीन आठवड्यांत मोटर आली. कडी मी मोहोळवरून ४० रुपयांना आणून बसवली.

आता पाणी येतं आणि बाटली अर्ध्याच्या खाली गेलेली असते. पण रोज धुणार कोण, हे अजून ठरलेलं नाही. सोमवारी बरं असतं, शुक्रवारपर्यंत परत वास.

आणि वस्तीवर? तिथलं शौचालय जुनं, पत्र्याचं दार गंजलेलं. पण परिपाठाच्या आधी बोअरवरून पिंप भरलेलं असायचं, पाणी घ्यायचा मग ठेवलेला असायचा आणि बाई स्वतः डोकावून बघायच्या. दोन वर्षांत मी ही सोय म्हणून कधी मोजलीच नाही.

शिकवण्याबद्दलही माझं मत बदललंय. केंद्रशाळेत तिच्या वर्गात ४१ पोरं आहेत. कायदा एका शिक्षकामागं ३० म्हणतो, पण तो हिशेब सगळ्या शाळेचा पट धरून होतो. सर मन लावून शिकवतात, पण एकेकाचं वाचन घ्यायला त्यांना वेळ पुरत नाही. वस्तीवर बाई रोज प्रत्येकाकडून एक पान मोठ्यानं वाचून घ्यायच्या. पहिलीत असतानाच दुसरीच्या पोरांचे पाढे ऐकून ऐकून हिला १५ पर्यंत पाठ झाले होते. ज्याला मी अडचण समजत होतो, त्यातच ती शिकत होती. दिवाळीपर्यंत तिचं वाचन अडखळायला लागलं, आता रोज रात्री मी घेऊन बसतो. टीव्ही आठवड्यातून दोनदा लागतो.

चौथी-पाचवीच्या पोरांसाठी मात्र केंद्रशाळा चांगली वाटते. पाचवीत पोखरापूरच्या नवोदयची परीक्षा असते, त्याची तयारी इथले सर शाळेच्या आधी तासभर मनापासून करून घेतात. वस्तीवर पाचवीच नाही. त्यामुळं पोरीला आता परत हलवत नाही, चौथी झाली की इथंच यावं लागणार.

शाळा बघायला जाणार असाल तर १५ ऑगस्टला जाऊ नका, साध्या गुरुवारी दुपारी तीननंतर जा आणि बरोबर घरातल्या बाईला न्या. मुलींच्या शौचालयाचा नळ सोडून बघायला सांगा.

धाकट्याचं नाव जूनमध्ये वस्तीवरच्याच शाळेत घालणार आहे. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड कालच बाईंकडे देऊन आलो.