सात महिने छपराविना : स्पोर्ट्स कार देऊन किट कार घ्यायची का?

परवा सकाळी किल्ल्या परत केल्या. एका ओळखीच्या माणसाशी सात महिने गाडी बदलून वापरली होती; माझी स्पोर्ट्स कार माझ्या अंगणात आली, त्याची किट कार (सुटे भाग जोडून घरी बांधलेली गाडी) त्याच्याकडे गेली. अदलाबदल होणार नाही. जिच्यावर चिडून हे सगळं सुरू केलं तीच गाडी शेवटी ठेवली आणि जिच्या प्रेमात पडलो ती सोडली. हे का झालं ते सविस्तर लिहितो, कारण असा विचार मनात घोळवणारे गोव्यात मला तरी चारपाच जण माहीत आहेत.

माझी गाडी म्हणजे दोन सीटची, सहा सिलिंडरची, कापडी छपराची जुनी जर्मन गाडी. चौदा लाखांना सेकंडहँड घेतली. ताकद, वेग, गिअरबॉक्स यांवर लिहीत बसत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. मी लिहिणार आहे ते एका भोकाबद्दल.

छप्पर मिटलं की ते सीटच्या मागच्या खोबणीत जाऊन बसतं. त्या खोबणीत पडणारं पाणी दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्यांतून खाली, मागच्या चाकांच्या पुढे निघून जातं. नळी बोटाएवढी जाड. डाव्या नळीच्या शेजारी, सगळ्यांत खोल जागी, एक कप आहे आणि त्या कपात छप्पर उघडणारा हायड्रॉलिक पंप आणि त्याची विजेची मोटर बसवलेली आहे. नळी तुंबली की पाणी कपात. कप भरला की मोटर बुडाली. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. माझ्या फोंड्याच्या घरासमोर एक जांभूळ आणि एक ओवळ (बकुळ) आहे. ओवळाचं फूल त्या नळीच्या तोंडात बुचासारखं बसतं.

गेल्या जुलैत पणजीहून घरी आलो तेव्हा डिकीतला गालिचा ओला लागला. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून छप्पर उघडायला गेलो, तर नुसता टक्‌ असा आवाज आणि मग काहीच नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी ट्रकवर घालून पाठवली. तिथलं उत्तर : "सर, मोटर वेगळी मिळत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागेल." एक लाख ब्याऐंशी हजार, मजुरी वेगळी. मी म्हटलं, आधी कप उघडून बघा, सुकवून बघा. ते म्हणाले, आमच्या पद्धतीत ते बसत नाही. तीन आठवडे ईमेल चालले. शेवटी काहीही न करता गाडी परत आणली, तरी तपासणीचे म्हणून ४,१३० रुपये घेतले. ते पैसे मी दिले, आणि आज दहा महिन्यांनी लिहितानाही ते मला टोचतात. कप उघडायला अर्धा तास लागत नाही.

फोंड्याच्या आमच्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, तो कप उघडला. आत गंजाचं तांबडं पाणी होतं. "पात्रांव, सगळें उदक हांगा सांठलां" (मालक, सगळं पाणी इथे साठलंय), एवढंच तो म्हणाला. मोटर खोलली, ब्रश बदलले, बेअरिंग बदललं, आणि मी विनंती केली म्हणून वायर लांबवून सगळा पंप डिकीत, उंचावर एका बंद डब्यात बसवून दिला. ६,४०० रुपये. छप्पर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तरीही माझं मन त्या गाडीवरून उडालं होतं. पाऊस आला की रात्री उठून बॅटरी घेऊन नळी बघायला जायचो.

अशा मनःस्थितीत वेर्ण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने विषय काढला. त्याने स्वतः, दोन वर्षं खपून, एक किट कार बांधली होती. अलिबागची चिंकारा रोडस्टर ज्यांनी पाहिली आहे त्यांना आकार लगेच डोळ्यांसमोर येईल : लांब नाक, उघडी पुढची चाकं, दारं नाहीत, फायबरचं अंग. इंजिनही त्याच वळणाचं, अॅम्बेसेडरमध्ये येत असे ते इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल, ७५ हॉर्सपॉवर. खाली लोखंडी नळ्यांचा सांगाडा त्याने स्वतः वेल्ड केलेला. "तुमची मला द्या, माझी तुम्ही घ्या, वर चार लाख देतो," असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, आधी वापरून बघू. दिवाळीत नरकासुर जाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्या बदलल्या.

पहिले तीन महिने मी दुसऱ्या कशाचा विचारच करू शकलो नाही.

डिचोलीला खाणीच्या ट्रकांसाठीचा एक वजनकाटा आहे, तिथे गाडी चढवली. ७४० किलो. माझ्या गाडीच्या जवळजवळ निम्मी. मग कळलं की ७५ हॉर्सपॉवर पुरते कसे. केरीहून चोर्ला घाट चढताना पुढचं चाक डोळ्यांना दिसतं, खड्डा कुठे आहे आणि चाक कुठे आहे यातलं अंतर बोटांनी मोजता येतं. पॉवर स्टिअरिंग नाही, पण एवढ्या हलक्या गाडीला ते लागतही नाही. माझ्या गाडीत ताशी ऐंशीला काहीच वाटत नाही. हिच्यात पन्नासला अंग जागं होतं. आपल्या रस्त्यांवर, पुढे ट्रक आणि मागे बस असताना, पन्नासला मिळणारा आनंद हाच खरा उपयोगाचा आनंद, असं माझं मत तेव्हा झालं आणि ते अजून बदललेलं नाही.

आणि भोक. हिच्या तळाला दोन भोकं आहेत, रबरी बुचं लावलेली. पाणी आत आलं तर बुच काढायचं, पाणी खाली जातं. छप्परच नाही, म्हणून पंप नाही, मोटर नाही, कप नाही. पहिल्यांदा ते बुच काढून बादलीभर पाण्याने गाडी आतून धुतली तेव्हा मी अंगणात उभा राहून अक्षरशः सुखावलो.

माझ्या खर्चाच्या वहीत दोन्ही गाड्यांची पानं समोरासमोर आहेत. जर्मन गाडी : मागच्या दोन टायरचे ६४,०००, विमा ३८,०००, ब्रेक पॅड आणि सेन्सर १७,५००. किट कार, सात महिने : ११,८७०. त्यात क्लच केबल ४५०, रेडिएटरचा होज, प्लग, दोनदा ऑइल. अॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली तरी तिचे भाग मिळतात आणि कुठलाही वयस्क मेस्त ते डोळे मिटून बसवतो. पेट्रोललाही किट कार लिटरला तेरा किलोमीटर देते, माझी शहरात आठ. त्यात वरचे चार लाख. जानेवारीत मी बायकोला सांगून टाकलं की आपण ही घेतोय. ती म्हणाली, "अहो, पावसाळा येऊ दे, मग ठरवा." तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं.

या गाड्यांची मुळं कुठली हेही मी त्याच दिवसांत वाचत होतो. १९५७ मध्ये ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन ही हलकी, उघडी गाडी काढली. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी कर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता, म्हणून माणसं भाग घरी नेऊन जोडत. १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. म्हणजे या गाडीच्या जन्मातच काटकसर आहे. मला ती आपलीशी वाटली त्यात नवल नाही.

फेब्रुवारीपासून मत हलायला लागलं. पोलादी नळ्यांवरचा रंग दगड लागून जिथे जिथे उडाला तिथे गंज धरला. मी महिन्यातून दोनदा मिरामारला जातो, तेवढ्या खाऱ्या वाऱ्यानेही तो वाढला. फायबरला गंज नाही, पण नाकाला तडा गेला. तो मालीमच्या जेटीवर होड्यांना फायबर लावणाऱ्या एकाने इतका सुंदर भरला की सांधा बोटालाही लागत नाही, आणि घेतले फक्त नऊशे. एप्रिलमध्ये इंजिनाची धग पायांवर यायला लागली. एक्झॉस्टची नळी बाहेरून, बसणाऱ्याच्या बाजूने जाते. उतरताना माझ्या मुलीची पोटरी तिला लागली आणि चांगला फोड आला. आईला एकदा मंगेशीला न्यायचं होतं. दार नाही, पाय उचलून कडेवरून आत टाकावा लागतो. नऊवारीतल्या बाईने ते कसं करायचं? आम्ही शेजारच्यांची गाडी घेऊन गेलो. जर्मन गाडीत ती आरामात बसते, छप्पर उघडं ठेवायला सांगते आणि डोक्यावर पदर घेते.

मेमध्ये वळवाचा पाऊस झाला आणि वेर्ण्याहून फोन आला. "भाऊ, तुमच्या गाडीत सीटच्या मागे पाणी आलंय." मी मासेमारीची जाड नायलॉनची दोरी घेऊन गेलो. नळीत घातली, आठ-दहा वेळा मागेपुढे केली आणि आंब्याच्या वाळक्या मोहोराचा लगदा बाहेर पडला. पाणी गेलं. पंप डिकीत वर होता, कोरडा. छप्पर चाललं. तिथे उभा असताना मला कबूल करावं लागलं की मी जवळजवळ वर्षभर ज्या दोषावर रागावलो होतो, तो मेस्तने ६,४०० रुपयांत ऑगस्टमध्येच संपवला होता. पंपाची जागा ठरवणाऱ्याने चूक केली हे माझं मत कायम आहे. पण त्या चुकीपायी गाडी देऊन टाकणं वेगळं.

तरीही चार लाख डोळ्यांसमोरून हलत नव्हते. म्हणून मी शेवटचं काम केलं, जे खरं तर पहिलं करायला हवं होतं : त्याच्याकडून आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागून घेतली.

आरसीवर लिहिलंय : अॅम्बेसेडर, सलून (म्हणजे बंद छपराची गाडी), २००६. पंधरा वर्षं भरल्यावर २०२१ मध्ये पाच वर्षांचं नूतनीकरण झालं. तेव्हा आरटीओने जी गाडी पाहिली ती चार दारांची, खरीखुरी अॅम्बेसेडर होती. त्यानंतर त्याने ती कापली. इंजिन तेच, म्हणून इंजिन नंबर जुळतो. चेसिस नंबरचा (सांगाड्याच्या क्रमांकाचा) पत्रा मात्र जुन्या अंगातून कापून नव्या नळीवर वेल्ड केलेला आहे. हे त्याने माझ्यापासून लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. त्याला वाटत होतं की इंजिन जुळलं की पुरे.

पुरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे उचलून धरलं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी सरकारी तपासणीला नेऊन पास करून घेता येते. आपल्याकडे मान्यता मॉडेलला मिळते, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत उत्पादकाने नमुना तपासून घेतल्यावर. एका माणसाने एका शेडमध्ये बांधलेल्या एका गाडीसाठी तसा सरळ रस्ता नाही. यंदा तिचं दुसरं नूतनीकरण आहे, म्हणजे गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची आहे. आणि विमा? पॉलिसी अॅम्बेसेडरची आहे. मी सात महिने जी चालवत होतो ती कागदावर अस्तित्वातच नाही. मुलीला शेजारी बसवून मी चोर्ला घाट उतरलो होतो, हे आठवून अंगावर काटा आला. एखाद्या स्कूटरवाल्याला धक्का लागला असता तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगितलं असतं?

मग हिशेब पुन्हा मांडला. चौदा लाखांची कागद असलेली गाडी द्यायची, चार लाख घ्यायचे आणि रस्त्यावर नेता न येणारी वस्तू अंगणात ठेवायची. म्हणजे ती वस्तू मला दहा लाखांना पडते. एवढे पैसे असे बुडवायची माझी ऐपत नाही, आणि असती तरी मी ते केलं नसतं.

त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. गाडी सुंदर बांधली आहे, वेल्डिंग इतकं स्वच्छ आहे की मी त्याचे फोटो काढून ठेवलेत, हेही सांगितलं आणि ते मनापासून सांगितलं. तो आता ती खासगी आवारात, बंद ट्रॅकवर चालवायचं म्हणतोय. कधी ट्रॅकवर नेलीच तर इथून ट्रकवर घालून न्यायची, आणि ट्रकच्या भाड्यात मी अर्धा वाटा देईन असं कबूल केलंय.

ज्यांना अशी गाडी खरोखर हवी आहे त्यांनी आधी आरसीवरचं मॉडेलचं नाव आणि बॉडीचा प्रकार वाचावा, मग वाकून चेसिस नंबर सांगाड्यावर मुळातच ठोकलेला आहे की पत्रा चिकटवलेला आहे ते बघावं. चालवून बघायचं ते त्यानंतर. मी उलटं केलं म्हणून सोडताना इतकं जड गेलं.

काल संध्याकाळी माझ्या गाडीच्या दोन्ही नळ्यांतून दोरी फिरवली. डावीतून एक वाळलेलं ओवळ निघालं. मग छप्पर अर्धं उघडून खोबणीत लिटरभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून चाकाजवळ बसलो. डावीकडून बावीस सेकंदांत सगळं बाहेर, उजवीकडून एकोणीस. वहीत तारीख टाकून दोन्ही आकडे लिहून ठेवलेत. पुढचं मोजमाप पंधरा जूनला.